विमान आलेच नाही. पैसे कोणाकडे मागावयाचे?

परदेशची सहल ही आता केवळ बड्या घरांची चैन राहिलेली नाही. बँकेत, रेल्वेत, पोस्टात, शाळेत इमानेइतबारे नोकरी केलेली आपल्यातील कितीतरी जोडपी निवृत्तीच्या फंडातून चार पैसे बाजूला काढतात आणि थायलंड, श्रीलंका, सिंगापूर, युरोप पाहून येतात. मुले कमावती झाली की आईवडिलांना एकदा विमानात बसवावयाचे, ही एक हौस झाली आहे आणि ती चांगली हौस आहे. टूर कंपनीचे गुळगुळीत माहितीपत्रक घरी येते. त्यात विमान, हॉटेल, बस, गाईड, नाश्ता, अगदी जेवणात वरण-भात मिळेल की नाही हेही छापलेले असते. मात्र एक गोष्ट सहसा ठळक अक्षरात सापडत नाही. विमान दहा तास उशिरा सुटले किंवा सुटलेच नाही, तर जबाबदार कोण? त्याविषयी काही असलेच तर ते शेवटच्या पानावर, भिंग घेऊन वाचावे अशा बारीक टायपात असते आणि त्याचा मथितार्थ बहुधा एवढाच की, आम्ही जबाबदार नाही.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने कीस पाडला गेला तो युरोपात. कारण पॅकेज टूर आणि चार्टर विमान या जोडीचा संसार तेथेच थाटला गेला आणि भांडणेही तेथेच कोर्टात गेली. ही भांडणे बहुतांशी साध्यासुध्या प्रवाशांनी नेटाने लढविली, हे विशेष. म्हणून आधी तिकडची हकीकत सांगतो आणि मग आपल्या दाराशी येतो.

बत्तीस खुर्च्यांचे विमान

१९५० सालच्या मे महिन्यात व्लादिमीर राइट्झ या तरुणाने लंडनजवळच्या गॅटविकहून भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावरच्या काल्वी या गावी एक विमान नेले. विमान होते बत्तीस खुर्च्यांचे डकोटा. राहावयाचे तंबूत, जेवणखाण आयोजकाचे आणि जाणे-येणे धरून दर ३२ पौंड १० शिलिंग. त्या काळी त्या बाजूच्या नेहमीच्या विमानाचे नुसते भाडेच याच्या दुपटीच्या घरात होते. सरकारने परवानगी दिली तीही केवळ विद्यार्थी आणि शिक्षकांना नेण्याच्या अटीवर. राइट्झ यांच्या कंपनीचे नाव होरायझन हॉलिडेज. हे नाव ध्यानात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

इतकी स्वस्ताई कोठून आली? चार्टर म्हणजे सबंध विमान किंवा त्यातील खुर्च्यांचा मोठा गठ्ठा हंगामभरासाठी घाऊक भावाने उचलणे. नेहमीच्या सेवेतले विमान भरो न भरो, वेळापत्रकाप्रमाणे उडते आणि रिकाम्या खुर्च्यांचा खर्च भरलेल्या खुर्च्यांवर बसतो. चार्टरमध्ये एकही खुर्ची रिकामी जाऊ नये असा बेत असतो. शिवाय विमानाला उसंत द्यावयाची नाही. पहाटे एक तांडा सोडला की त्याच विमानाने दुसरा तांडा परत आणावयाचा, दुपारी तिसऱ्या गावी, रात्री चौथ्या.

स्वस्ताईचे जे कारण तेच खोळंब्याचेही कारण आहे. पहाटे त्या विमानात बिघाड झाला की त्याचा उशीर दिवसभर साचत जातो आणि रात्रीच्या प्रवाशाला आपण कोणाच्या वाट्याचे भोगतो आहोत याचा पत्ताही नसतो. नेहमीच्या कंपनीकडे चार तासांनी दुसरे विमान असते. चार्टरचे त्या गावाला जाणारे पुढचे विमान कित्येकदा पुढच्या आठवड्यात असते.

आणि याहून अवघड गाठ कागदाची आहे. चार्टरने जाणाऱ्या प्रवाशाने विमान कंपनीला एक पैसाही दिलेला नसतो. त्याने पैसे दिले टूर कंपनीला. टूर कंपनीने, कधी मधल्या दलालामार्फत, विमान कंपनीला दिले. विमान रखडले की टूर कंपनी म्हणते, विमान आमचे नाही. विमान कंपनी म्हणते, आम्ही आपल्याला ओळखत नाही, आमचा करार टूर कंपनीशी. दोघांचेही बोलणे कागदावर खरे असते आणि लेकरे कडेवर घेतलेली बाई मात्र रात्री दोन वाजता विमानतळाच्या फरशीवर बसलेली असते.

आपल्याकडे लग्नाच्या जेवणाचा ठेका केटररला देतात. त्याने आचारी बाहेरून आणला आणि भात करपला, तर वधूपिता आचाऱ्याच्या गावाचा पत्ता काढीत बसत नाही. तो ज्याच्या हाती पैसे दिले त्याचीच मानगूट धरतो. इतकी साधी गोष्ट विमानाच्या बाबतीत कायद्याच्या पुस्तकात यावयास बरीच वर्षे लागली. १९२९ च्या वॉर्सा कराराने विमान उशिराबद्दल ‘वाहक’ जबाबदार धरला होता. पण वाहक म्हणजे तिकीट देणारा की विमान चालविणारा, हे त्यात स्पष्ट नव्हते. चार्टरचा धंदा वाढला तसा हा घोळ वाढला. अखेर १९६१ साली मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे पुरवणी करार झाला आणि करार करणारा वाहक व प्रत्यक्ष नेणारा वाहक अशा दोघांनाही प्रवाशापुढे उभे करण्यात आले. हीच तरतूद पुढे १९९९ च्या माँट्रियल करारात एक सबंध प्रकरण म्हणून घेतली गेली. भारत त्या करारात २००९ साली सामील झाला.

सुट्टी बुडाली, तिची किंमत किती?

विमानाचे भाडे मोजता येते. हॉटेलच्या बुडालेल्या रात्री मोजता येतात. पण वर्षभर राबून मिळालेली सुट्टी वाया गेली, तिचे काय? जुना इंग्रजी कायदा म्हणत असे की करार मोडल्याने झालेल्या मनस्तापाचे पैसे मिळत नाहीत. १९७२ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात एका सॉलिसिटरचा दावा आला. दावा विमानाचा नव्हता, पण पुढच्या साऱ्या विमान-प्रकरणांना तो उपयोगी पडला. गृहस्थांना वर्षातून दोन आठवड्यांची सुट्टी. ती त्यांनी नाताळात स्वित्झर्लंडमधील एका डोंगरगावी घालविण्याचे ठरविले आणि ६३ पौंडांवर रक्कम भरली. पत्रकात घरगुती मेळाव्याचे आश्वासन होते. पहिल्या आठवड्यात तेरा पाहुणे, दुसऱ्या आठवड्यात हे एकटेच! हॉटेलमालकाला इंग्रजी येत नव्हते. पत्रकात म्हटलेला स्थानिक लोकगीतांचा गायक कामाच्या कपड्यांतच आला, चार-पाच गाणी भराभर म्हणून निघून गेला. खालच्या कोर्टाने भरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे दिले. लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाढवून १२५ पौंड केले, म्हणजे भरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. सुट्टीचा करार हा आनंदाचा करार आहे, आनंद मिळाला नाही तर त्याचेही मोल द्यावे लागेल, असा त्या निकालाचा सारांश.

आम्हाला या निकालात विशेष वाटते ते हे की, न्यायालयाने नोकरदार माणसाच्या पंधरा दिवसांना किंमत दिली. ज्याला वाटेल तेव्हा फिरता येते त्याची एक सहल बिघडली तर तो दुसरी करील. ज्याने रजा साठवून, हप्ते भरून एकदाच घराबाहेर पाऊल टाकले, त्याचे ते दिवस परत येत नाहीत.

१३ जून १९९० रोजी युरोपीय समुदायाने पॅकेज प्रवासाविषयीचा निर्देश काढला. प्रवास, मुक्काम आणि इतर सेवा यांपैकी निदान दोन गोष्टी एकत्र करून एका किमतीत विकल्या की ते पॅकेज. आणि त्यातली प्रत्येक सेवा नीट पार पाडण्याची जबाबदारी ती विकणाऱ्या आयोजकाची, मग विमान त्याचे स्वतःचे असो वा भाड्याचे. आयोजकाने प्रवाशाला पैसे द्यावेत आणि मग विमान कंपनीकडून खुशाल वसूल करावेत. ती त्यांची आपसातली गोष्ट. इंग्लंडने हा निर्देश १९९२ च्या नियमांनी अमलात आणला. पुढे २०१५ साली नवा निर्देश आला आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाला. पॅकेजच रद्द झाले तर चौदा दिवसांत पैसे परत, आणि टाळता न येण्याजोग्या असाधारण कारणाने परतीचा प्रवास अडला तर सामान्यतः तीन रात्रींपर्यंतच्या मुक्कामाचा खर्च आयोजकाने करावयाचा, अशा गोष्टी त्यात घातल्या गेल्या.

म्हणजे आयोजकाचे दार उघडले. पण विमान कंपनीचे?

ते उघडावयास २००४ साल उजाडले. त्या वर्षी युरोपीय संघाने २६१ क्रमांकाचा नियम केला आणि तो फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला. त्याआधीचा १९९१ चा नियम फक्त वेळापत्रकी विमानांना लागू होता. चार्टरवाले त्यातून सुटत. नव्या नियमाने ही पळवाट बुजविली. पॅकेज टूरमधले चार्टर विमानही त्यात आले, आणि तिकीट कोणी काढले हे न पाहता, प्रत्यक्ष विमान चालविणाऱ्या कंपनीवर जबाबदारी टाकली गेली. ऐनवेळी विमान रद्द झाले तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो माणशी. लहान मुलाच्या नावे तिकीट असेल तर त्यालाही तेवढेच. याशिवाय खोळंब्याच्या काळात जेवण, चहापाणी, दोन फोन, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तेथवर नेण्या-आणण्याची सोय. उशीर पाच तासांचा झाला तर प्रवास सोडून पैसे परत मागण्याची मुभा.

मात्र नियमात एक फट राहिली होती. नुकसानभरपाई ‘रद्द’ झालेल्या विमानाला लिहिली होती, ‘उशिरा’ झालेल्याला नव्हे. मग कंपन्या म्हणू लागल्या, विमान रद्द कोठे झाले? ते फक्त उशिरा निघाले! २००५ च्या जुलैत आईबाप आणि दोन मुले असे एक कुटुंब टोरांटोहून फ्रँकफर्टला परतत होते. विमान होते काँडोर या जर्मन कंपनीचे. ही कंपनी सुट्टीच्या प्रवाशांची ने-आण करणारी म्हणून प्रसिद्ध आहे. प्रवाशांना विमान रद्द झाल्याचे सांगितले गेले, सामान परत दिले गेले, रात्र हॉटेलात गेली आणि कुटुंब सुमारे पंचवीस तास उशिरा घरी पोचले. कंपनीचा पवित्रा तोच, की हा फक्त उशीर! जर्मनीतील दोन कोर्टांत कुटुंब हरले. प्रकरण वर चढत लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेले आणि १९ नोव्हेंबर २००९ रोजी निकाल लागला. वेळ गमावण्याचे दुःख दोन्हीत सारखेच. तीन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोचणाऱ्यालाही रद्द झालेल्या विमानाच्या प्रवाशासारखीच भरपाई मिळावी. चार जणांच्या एका घरगुती दाव्याने सबंध खंडातला नियम बदलला.

देवाची करणी आणि माणसाची

कंपन्यांची शेवटची ढाल म्हणजे ‘असाधारण परिस्थिती’. जुन्या इंग्रजी कायद्यात अशा प्रसंगाला ‘देवाची करणी’ म्हणण्याची रीत आहे. आम्हाला ते नाव कधीच पटले नाही. वादळाला वादळ म्हणावे, धुक्याला धुके. पण नावाचा वाद सोडा, या ढालीआड काय काय लपविले जाते ते पाहण्यासारखे आहे.

यंत्रात बिघाड झाला, ही असाधारण गोष्ट आहे का? न्यायालयाने २००८ साली सांगितले की सर्वसाधारणपणे नाही. विमान चालविणे हाच ज्याचा धंदा, त्याच्या विमानात बिघाड होणे हे त्या धंद्यातलेच. कर्मचारी एकदम आजारी पडले, तर? २०१६ च्या सप्टेंबरअखेर टुईफ्लाय या जर्मन सुट्टी-विमान कंपनीच्या व्यवस्थापनाने फेररचना जाहीर केली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वैमानिक व हवाई कर्मचारी मोठ्या संख्येने ‘आजारी’ पडले. काही दिवस वैमानिकांपैकी ८९ टक्क्यांपर्यंत रजेवर होते. उड्डाणे कोलमडली. कंपनीने हात वर केले. २०१८ साली न्यायालयाने उत्तर दिले की फेररचना तुमची, तिच्यातून उठलेला असंतोष तुमच्या घरातला, भरपाई द्या. कामगारांच्या हक्कांविषयी आस्था असणाऱ्या आमच्या वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. न्यायालयाने कामगारांवर ठपका ठेवला नाही, आणि प्रवाशांनाही वाऱ्यावर सोडले नाही.

ज्वालामुखी मात्र खरोखरीच असाधारण. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश अनेक दिवस बंद पडले. पोर्तुगालात अडकलेल्या एका आयरिश प्रवासी महिलेने जेवण, हॉटेल आणि प्रवासावर झालेला अकराशे युरोंहून अधिक खर्च मागितला. २०१३ साली निकाल आला. ठोक नुकसानभरपाई नाही, हे बरोबर. पण माणसाला खाऊ घालण्याची आणि झोपावयास जागा देण्याची जबाबदारी संपत नाही, कारण कितीही असाधारण असो. मात्र खर्च वाजवी आणि आवश्यक असला पाहिजे. भरपाई वेगळी आणि सांभाळ वेगळा. हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण काऊंटरवर ‘हवामान खराब आहे’ असे म्हणून दोन्ही एकदमच नाकारले जाते.

दोन दारे, एक चावी

येथवर वाचून वाटेल की युरोपातील चार्टर प्रवाशाला दोन्ही दारे मोकळी आहेत. तसे नाही. २०१५ साली नेदरलँड्समधील तिघांनी एका टूर कंपनीकडून एल्डे ते ग्रीसमधील कॉर्फू बेट असे पॅकेज घेतले. विमान होते एजियन एअरलाइन्सचे. एका मधल्या कंपनीने खुर्च्या घाऊक घेतल्या होत्या आणि त्या पुढे टूर कंपन्यांना विकल्या होत्या. पुरेशा खुर्च्या भरल्या नाहीत, ठरलेली रक्कम विमान कंपनीला पोचेना, तेव्हा प्रवासाला काही दिवस राहिले असताना सहल रद्द झाल्याचे कळविण्यात आले. पुढच्या वर्षी, २०१६ साली, टूर कंपनीचे दिवाळे निघाले. भरलेले पैसे परत मिळालेच नव्हते. प्रवाशांनी विमान कंपनीवर दावा केला. रद्द झाल्याबद्दलची ठोक भरपाई डच न्यायालयाने दिली. मात्र तिकिटाचे पैसे परत मिळावेत या मागणीला युरोपीय न्यायालयाने १० जुलै २०१९ रोजी नकार दिला. पॅकेजचे पैसे परत मागण्याचा हक्क ज्याला आयोजकाविरुद्ध आहे, त्याला तेच पैसे विमान कंपनीकडे मागता येत नाहीत. आयोजकाचे दिवाळे निघाले असले तरी नाही.

निकाल कठोर वाटतो. आम्हालाही तो कठोरच वाटला. पण न्यायालयाचे म्हणणे असे की दिवाळखोरीसाठी दुसरी तरतूद आहे. १९९० च्या निर्देशानेच प्रत्येक आयोजकाला विमा वा तारण ठेवावयास सांगितले होते, की त्याचे दिवाळे निघाले तरी प्रवाशाचे पैसे परत मिळावेत आणि अडकलेला प्रवासी घरी यावा. ते तारण पुरेसे नसेल तर दोष त्या देशाच्या सरकारचा.

सरकारलाही धरता येते काय? येते. जर्मनीने हा निर्देश मुदतीत, म्हणजे १९९२ अखेर, आपल्या कायद्यात आणला नाही. १९९३ साली तेथील काही टूर कंपन्या बुडाल्या. प्रवाशांचे पैसे गेले, काहींना परतीचा खर्च पदरचा करावा लागला. त्यांनी दावा लावला तो थेट जर्मन राज्यावर! कायदा वेळेत केला असता तर आमचे पैसे वाचले असते, हे त्यांचे म्हणणे. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी युरोपीय न्यायालयाने ते मान्य केले. कायदा न करण्याची किंमत राज्याने नागरिकाला मोजावी, हे तत्त्व सहलीच्या पैशांच्या निमित्ताने इतक्या ठळकपणे मांडले गेले, याची नोंद आमच्या वकील वाचकांनी अवश्य घ्यावी.

इंग्लंडला हा धडा त्याआधीच मिळाला होता. १५ ऑगस्ट १९७४ रोजी, सुट्टीच्या ऐन भरात, कोर्ट लाइन हा विमान व सहलींचा मोठा उद्योग कोसळला आणि हजारो लोक परदेशात अडकले. काल्वीला पहिले विमान नेणारी होरायझन कंपनी तोवर याच उद्योगाच्या पोटात गेली होती. तिचीही तीच गत झाली. एटॉल नावाची परवाना पद्धत वर्षभरापूर्वी सुरू झाली होती, पण तिचे तारण तोकडे पडले आणि कायद्याने राखीव निधी उभारावा लागला. पंचेचाळीस वर्षांनी, २३ सप्टेंबर २०१९ रोजी, १८४१ सालापासूनचा वारसा सांगणारी थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी बुडाली, तेव्हा ही व्यवस्था कामास आली. सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारने आणि नागरी विमान प्राधिकरणाने विमाने भाड्याने घेऊन त्यांना परत आणले.

या पडझडीचा धक्का गोव्यापर्यंत आला. गोव्यात ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत युरोपातील चार्टर विमाने उतरतात आणि थॉमस कुकची विमाने त्यात मोठ्या संख्येने असत. मोसम तोंडावर असताना ती आलीच नाहीत. ब्रिटनमधील प्रवाशाला निधी होता. कोलव्याच्या हॉटेलवाल्याला, टॅक्सीवाल्याला, समुद्रकाठच्या शॅकवाल्याला तसा कोणताही निधी नव्हता. तो कायदा प्रवाशासाठी आहे, त्याची सेवा करणाऱ्यासाठी नाही. (भारतातील थॉमस कुक ही त्या वेळी वेगळ्या मालकीची स्वतंत्र कंपनी होती. ती बुडाली नाही. नावाच्या सारखेपणाने त्या वेळी अनेकांचा गोंधळ झाला, म्हणून हा खुलासा.)

आता आपल्या दाराशी

भारतात पॅकेज प्रवासासाठी वेगळा कायदा नाही. युरोपासारखे सक्तीचे तारणही नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वीची सावधगिरी आपल्याकडे अधिक मोलाची. तरीही आपण अगदी निःशस्त्र नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. युरोपचा २६१ क्रमांकाचा नियम प्रवाशाचा पासपोर्ट पाहत नाही. पॅरिस, फ्रँकफर्ट, रोम अशा युरोपीय संघातील विमानतळावरून निघणारे कोणतेही विमान, मग कंपनी भारतीय असली तरी, या नियमाखाली येते. नागपूरचे आजी-आजोबा युरोप पाहून परतताना पॅरिसला अडकले, तर त्यांचा हक्क तेथल्या प्रवाशाइतकाच आहे. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावरही असाच नियम आपल्या कायद्यात ठेवला, रकमा तेवढ्या पौंडांत केल्या. जाताना, म्हणजे मुंबईहून निघताना, युरोपचा नियम फक्त तिकडच्याच कंपनीच्या विमानाला लागू होतो. बाकीच्यांसाठी माँट्रियल करार आहे. त्यात ठरलेली ठोक रक्कम नाही. उशिरामुळे झालेले नुकसान पुराव्याने दाखवावे लागते आणि त्यालाही कमाल मर्यादा आहे. कंपनीने शक्य ते सर्व उपाय केले असे सिद्ध केले तर ती सुटते. दावा दोन वर्षांत लावला नाही तर हक्क संपतो.

आणि ज्याच्या हाती पैसे दिले त्या आपल्या गावच्या टूर कंपनीसाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे. पहिला १९८६ चा, आता २०१९ चा. नव्या कायद्याने मोठी सोय केली. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. येथेही मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. या कायद्यात अन्यायकारक करार ही कल्पनाही आली आहे. त्यामुळे ‘विमानाबाबत कंपनी जबाबदार नाही’ ही बारीक टायपातली ओळ वाचून तेथेच हाय खाऊ नये. ती ओळ कंपनीने लिहिली आहे, न्यायाधीशाने नव्हे.

देशातल्या देशात प्रवास करणाऱ्यांसाठी एक निकाल सांगावासा वाटतो. हिवाळ्यात आपली अनेक कुटुंबे बुद्धगया, सारनाथ, कुशीनगरच्या सहलीला जातात आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुके असते. २००७ च्या डिसेंबरात दिल्लीहून हैदराबादला निघालेला एक प्रवासी धुक्यामुळे तासन् तास विमानातच बसून राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०११ साली न्यायालयाने धुक्यामुळे झालेल्या उशिराची भरपाई नाकारली. पण त्याच निकालात हेही सांगितले की विमानात अडकलेल्या प्रवाशांना अन्न, पाणी, प्रसाधनगृह या किमान सोयी देणे कंपनीचे कर्तव्य आहे. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ज्वालामुखीच्या वेळी जो भेद केला, त्याच्याच जवळचा हा भेद. भरपाई कदाचित मिळणार नाही, पण उपाशी ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

राहिली कागदांची गोष्ट. भगिनींना आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण घरातले कागद सांभाळण्याचे काम बहुधा त्यांच्याच हाती असते. माहितीपत्रक फेकू नये. त्यातील प्रत्येक आश्वासन हा कराराचाच भाग म्हणून दाखविता येतो. पैसे शक्यतो चेकने वा बँकेतून द्यावेत, रोख दिल्यास पावतीवर कंपनीचे पूर्ण नाव पाहावे, नुसत्या एजंटाचे नको. बोर्डिंग पास जपावा. विमान रखडले की फलकाचा फोटो काढावा, त्यात वेळ दिसते. काऊंटरवरील माणसाकडे कारण लेखी मागावे. तो देणार नाही, तेव्हा आपणच तारीख-वेळ घालून कारण काय सांगितले ते वहीत लिहून सोबतच्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. स्वतः विकत घेतलेल्या जेवणाची, औषधांची, टॅक्सीची चिठ्ठी न चुकता ठेवावी. ‘आम्हाला काही दावा करावयाचा नाही’ अशा मजकुराखाली, चहाच्या कुपनाच्या बदल्यात, सही करू नये.

आणि तक्रार लिहिताना विरुद्ध पक्ष म्हणून एकट्या टूर कंपनीचे नाव घालून थांबू नये. विमान कंपनीचेही घालावे, आणि मध्ये एजंट असेल तर त्याचेही. अर्जात एकाहून अधिक नावांना जागा असते.